साथीचा ताप आधी कुठे दिसतो?

जून १९१८ मध्ये मुंबईचे काही पोलीस शिपाई तापाने रुग्णालयात दाखल झाले; त्यांतला एक गोदीवर पहाऱ्याला होता. ही फ्लूची साथ होती. सप्टेंबरात आलेली तिची दुसरी लाट कितीतरी भीषण होती. देशभरात १ कोटीहून अधिक माणसे गेली. रत्नागिरीची असंख्य घरे तेव्हा मुंबईच्या गिरण्यांवर चालत होती. पण गावातला आकडा कळे तो मृत्यू झाल्यावर, पाटलाच्या नोंदीतून, आणि तिथेही बहुतेक मृत्यू नुसत्या 'ताप' या रकान्यात जमा होत. आजाऱ्यांची मोजणी नव्हतीच.

१९५२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने फ्लूच्या विषाणूवर नजर ठेवणारे प्रयोगशाळांचे जाळे उभारले. पुण्यातली आजची राष्ट्रीय विषाणू संस्थाही त्याच वर्षीची. विषाणू कोणता, हे प्रयोगशाळा अचूक सांगते, पण नमुना तिथे पोहोचून अहवाल येईपर्यंत साथ पुढे गेलेली असते.

कॅज्युअल्टीच्या, म्हणजे रुग्णालयातल्या आपत्कालीन विभागाच्या, नोंदींचे मोल कळले ते वेगळ्याच भीतीतून. २००१ च्या हल्ल्यांनंतर जैविक हल्ला वेळीच ओळखता यावा म्हणून न्यूयॉर्कने आपत्कालीन विभागांतल्या रुग्णांच्या तक्रारी रोज तपासायला घेतल्या. त्या नोंदींत दर हिवाळ्याचा फ्लू स्पष्ट दिसू लागला.

आपल्याकडे २००४ मध्ये एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प सुरू झाला. संशयित रुग्णांसाठी आरोग्यसेविकेचा एस फॉर्म, संभाव्य निदानासाठी डॉक्टरांचा पी, खात्रीच्या निदानासाठी प्रयोगशाळेचा एल, आणि हिशेब तेव्हा आठवड्याचा. ऑगस्ट २००९ मध्ये पुण्यात स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी घेतला, तेव्हा आठवडा किती मोठा असतो ते सगळ्यांना उमगले. पुढे नोंदणी ऑनलाइन झाली.

कोकणात मात्र पेच अधिक आहे. महाराष्ट्रात फ्लू पावसाळ्यात जोर धरतो. त्याच दिवसांत लेप्टो (दूषित पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस), डेंग्यू, मलेरियाही असतात. सुरुवातीचा ताप आणि अंगदुखी सगळ्यांची सारखीच. म्हणून केस पेपरवर 'ताप' एवढेच लिहून भागत नाही. खोकला आहे का, ताप किती दिवसांचा, रुग्ण शेतातल्या पाण्यात उतरला होता का, मुंबईहून आलाय का, हे चार शब्द हवेतच. त्यात गणपतीला चाकरमानी गावी येतात, घरोघर आरत्या आणि भजनांना गर्दी होते.

माझ्या मते निदान त्या पंधरवड्यात तरी कॅज्युअल्टीच्या रजिस्टरातले ताप-खोकल्याचे रुग्ण रोज सकाळी गावनिहाय मोजायला हवेत. ओसेल्टामिवीर हे फ्लूचे औषध लक्षणे दिसल्यापासून ४८ तासांत दिले तर सर्वाधिक गुण येतो. गरोदर बाई किंवा दम्याचा म्हातारा अहवालासाठी थांबू शकत नाही.