डोक्यावरून वाहिलेली माती

बार्बाडोस हे कॅरिबियनमधलं जेमतेम ४३० चौरस किलोमीटरचं बेट, मुंबईपेक्षाही लहान. १६२७ साली इंग्रज तिथे वसायला उतरले तेव्हा बेटभर दाट जंगल होतं. १६४० च्या दशकात उसाची लावण सुरू झाली आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत बहुतेक जंगल संपलं.

शेतासाठी झाडं तोडली, पण तेवढ्याने भागलं नाही. चुलवाणालाही लाकूड लागत होतं. तोडलेला ऊस लगेच गाळला नाही तर त्यातली साखर मोडते, रस आंबतो आणि दाणा धरत नाही. म्हणून मळ्यामळ्यावर चरक आणि काहिली. मोठ्या काहिलीतून लहानीत, तिथून आणखी लहानीत असा रस आटवत न्यायचा, आणि सुरुवातीला प्रत्येक काहिलीखाली वेगळा जाळ. लाकूड सरल्यावर इंग्लंडहून कोळसा आणावा लागला, मग चिपाडं वाळवून जाळू लागले. जे चुलवाणात गेलं ते शेतात परतलं नाही.

खरा घात झाला मातीचा. बेटाचा बराचसा भाग पोवळ्याच्या चुनखडीचा आणि त्यावर मातीचा थर पातळ. लांब सऱ्यांमध्ये कांड्या लावत, तेव्हा उतारावर प्रत्येक सरी पावसात ओहोळ व्हायची. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला सऱ्यांच्या जागी आळी, म्हणजे चौकोनी खड्डे, आली: सुमारे ५ फूट चौरस, ५-६ इंच खोल, काढलेल्या मातीचा चहूबाजूंनी बांध. मध्ये कांडी आणि शेण. पाणी ज्याच्या त्याच्या आळ्यात जिरायचं, माती जागची हलायची नाही. जलसंधारण म्हणून हा उपाय उत्तमच होता.

पण तो कुणाच्या अंगावर पडला? एकरात अशी सतराशेच्या आसपास आळी बसतात. ती गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी माणसांनी कुदळीने खणायची. 'पहिली टोळी' म्हणत त्या खणणाऱ्यांत बायकाही मोठ्या संख्येने असत. कस गेलेल्या जमिनीला शेणखत हवं, म्हणून पाझरणाऱ्या टोपल्या डोक्यावर घेऊन ते प्रत्येक आळ्यापर्यंत न्यायचं. पायथ्याला वाहून गेलेली मातीसुद्धा टोपलीने पुन्हा चढावर न्यावी लागे. जंगलाची मुळं जे काम फुकट करत होती, ते आता माणसांची मान आणि पाठ करत होती. मळेवाल्यांना जमीन राखल्याचं श्रेय देताना हे विसरणं मला अन्यायाचं वाटतं.

या माणसांना आणणाऱ्या जहाजांतून पश्चिम आफ्रिकेतला, पीतज्वर पसरवणारा एडिस इजिप्ती डासही आला. पाण्याची पिंपं आणि भांडी त्याला आयती मिळाली. १६४७ मध्ये बेटावर पीतज्वराची साथ पसरली.

बेटाच्या ईशान्येला स्कॉटलंड नावाचा भाग आहे, त्यात चुनखडीचं टोपण नाही. तिथली चिकणमाती पाणी मुरलं की उतारासकट घसरते, आजही. याच भागात टर्नर्स हॉल नावाचं वन उरलं आहे, सुमारे २० हेक्टरांचं. जुन्या जंगलाचा एवढाच मोठा तुकडा आता बेटावर आहे.