मात्राशिक्षण (बालवर्ग)

हिंदुस्थानी संगीताच्या प्राथमिक वर्गात मुलांना स्वर किंवा तबल्याचा बोल किती काळ टिकतो, म्हणजे त्याचे कालमूल्य, समजावून देण्याची रीत. मात्रा हे ताल मोजण्याचे एकक. ती किती सेकंदांची, हे ठरलेले नसते. गुरुजी जी लय धरतील तीत दोन टाळ्यांमधले अंतर सारखे राहिले की झाले. मुलांचा पहिला गोंधळ शब्दाचाच असतो. ‘के’वरची मात्रा आणि औषधाची मात्रा ओळखीची, ही तिसरी दिसत नाही आणि चाटताही येत नाही.

काळ मुलांच्या कानात बसवण्याची धडपड फार जुनी आहे. वेदपठणाच्या उच्चारासाठी रचलेल्या ‘पाणिनीय शिक्षे’त चाष पक्षी (नीलपंख) एक मात्रा बोलतो, कावळा दोन, मोर तीन आणि मुंगूस अर्धी, असा श्लोक आहे. ऱ्हस्व, दीर्घ आणि प्लुत (तीन मात्रांचा लांबवलेला स्वर) लक्षात ठेवायला याहून सोपी युक्ती सापडणे कठीण. तेराव्या शतकातील ‘संगीतरत्नाकरा’त शार्ङ्गदेवाने मार्गतालांसाठी (प्राचीन शास्त्रोक्त तालांसाठी) पाच लघू, म्हणजे ऱ्हस्व, अक्षरे उच्चारायला लागणारा वेळ म्हणजे एक मात्रा, असे माप दिले आहे.

आजच्या वर्गात सुरुवात हातापासून होते. त्रितालाच्या १६ मात्रा, चार-चारांचे चार विभाग. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्या मात्रेला खाली, म्हणजे हात नुसता बाजूला टाकायचा. मधल्या मात्रा बोटांवर मोजतात: टाळीनंतर करंगळी, अनामिका, मधले बोट. आधी आकडे म्हणायचे, मग ठेका (तालाचे ठरलेले बोल), मग अलंकार (सरावाच्या ठरावीक स्वरओळी). सा रे ग म प ध नी सां हे आठ स्वर बरोबरीच्या लयीत आठ मात्रांत बसतात. दुगुणीत, म्हणजे दुप्पट वेगात, ‘सारे गम पध नीसां’ चार मात्रांत, चौगुणीत ‘सारेगम पधनीसां’ दोन मात्रांत. हात मात्र तसाच चालला पाहिजे. नेमके इथेच बिनसते: दुगुण म्हणायला सांगितली की तोंडाबरोबर हातही दुप्पट वेगाने पळू लागतो आणि पोर भलत्याच लयीत निघून जाते. अशा वेळी जाणता शिक्षक एका मुलाला टाळी द्यायला बसवतो आणि दुसऱ्याला म्हणायला लावतो. तिगुणीत हे आठ स्वर समान वाटले जात नाहीत, म्हणून तिथे ‘सारेग, रेगम, गमप’ हा तीन-तीन स्वरांचा अलंकार कामी येतो.

अपूर्णांक समजावायला एकतालाचा ठेका उत्तम. ‘धिं धिं, धागे तिरकिट, तू ना, क त्ता, धागे तिरकिट, धी ना’ या १२ मात्रांत ‘धिं’ पूर्ण मात्रा घेतो, ‘धागे’तले प्रत्येक अक्षर अर्धी आणि ‘तिरकिट’मधले पाव. तिसरीतल्या मुलाला वहीतला पाव कळला नसला तरी हा पाव तोंडाने बरोबर म्हणता येतो. तरीही हा ठेका बहुधा दादरा, केरवा, त्रिताल झाल्यावरच हाती येतो.

लेखी चिन्हे नंतरची, आणि त्यांत दोन पद्धती. विष्णु दिगंबर पलुसकरांच्या पद्धतीत स्वराखाली आडवी रेघ म्हणजे एक मात्रा, शून्य म्हणजे अर्धी आणि चंद्रकोरीसारखे चिन्ह म्हणजे पाव. विष्णु नारायण भातखंड्यांनी स्वरागणिक चिन्ह देण्याचे टाळले. एका मात्रेत जितके स्वर येतात तितक्यांच्या खाली एक अर्धकंस काढला. त्यांच्या लेखनात शून्य ही खालीची खूण आहे, तर पलुसकरांकडे खालीसाठी अधिकचे चिन्ह. वर्ग बदललेल्या मुलाची वही त्यामुळे अगदी विचित्र दिसते. लहानांसाठी भातखंडे पद्धत सोपी, कारण कंसातले स्वर नजरेनेच मोजता येतात. १९३१ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभीच्या परीक्षांत हातावर ताल देऊन ठेका म्हणून दाखवावा लागतो, त्यामुळे चिन्हे पाठ असूनही हात कच्चा असलेला विद्यार्थी तिथे सापडतो.

कीबोर्ड किंवा गिटार शिकणाऱ्या मुलांना पाश्चात्त्य पद्धत भेटते. तिथे एका पूर्ण स्वराचे अर्धे, पाव, अष्टमांश असे तुकडे पाडत जातात आणि प्रत्येक तुकड्याला वेगळ्या आकाराचे चिन्ह असते. ठोका कोणत्या तुकड्याचा, हे रचनेच्या सुरुवातीला लिहिलेले असते. आपल्याकडे ठोका म्हणजे मात्राच. शांततेलाही तिथे स्वतंत्र चिन्हे आहेत. भातखंडे लेखनात स्वरापुढची आडवी रेघ म्हणजे आधीचा स्वर तेवढा लांबवायचा, थांबायचे नाही. गाताना मुले हे सहज करतात. हार्मोनियमवर मात्र रेघ दिसली की बोट उचलतात, आणि ‘सा’ एका मात्रेतच तुटतो. शिक्षकाला मग रेघेची मात्रा संपेपर्यंत त्यांचे बोट पट्टीवर दाबून धरावे लागते.