पूर्व भाग, सोलापूर

सोलापूर शहरातील तेलुगू भाषक विणकर आणि विडी कामगारांची मुख्य वस्ती. हे एका पेठेचे नाव नव्हे. साखर पेठ, दाजी पेठ, भद्रावती पेठ, कन्ना चौक, अशोक चौक आणि तिथून अक्कलकोट रस्त्याकडे पसरत गेलेली नगरे, या सगळ्या पट्ट्याला सोलापूरकर सरसकट ‘पूर्व भाग’ म्हणतात.

वस्तीचा कणा पद्मशाली समाजाचा. निजामाच्या राज्यातील तेलंगणातून, दुष्काळ आणि कर्जाला कंटाळून, विणकर कुटुंबे टप्प्याटप्प्याने इकडे आली. 1860 मध्ये सोलापूरला रेल्वे पोहोचली, 1877 मध्ये पुढे ‘जुनी मिल’ म्हणून ओळखली गेलेली कापड गिरणी उभी राहिली आणि हातमागाला लागणारे सूत गावातच मिळू लागले. गिरणीत पाळीवर जाणारा कामगार आणि घरात मागावर बसणारा विणकर ही सोलापुरातली दोन वेगळी जगे होती. पूर्व भाग प्रामुख्याने या विणकराचा.

इथले जुने घर म्हणजे आधी कारखाना, मग घर. पुढच्या खोलीत माग, मागे चूल. पुरुष विणत, बायका-मुले सुताच्या कांड्या भरत. लुगड्यांचे दिवस सरले तसा जॅकार्डच्या, म्हणजे मागावरच नक्षी विणलेल्या, चादरीने आणि टॉवेलने जम बसवला आणि हातमागाची जागा यंत्रमागाने घेतली. सोलापुरी चादरीला भौगोलिक निर्देशनही (जीआय, म्हणजे हे नाव त्या प्रदेशातल्याच मालाला वापरण्याचा हक्क) मिळाले. तरी तिच्या नावावर दुसरीकडची चादर खपायची काही थांबली नाही.

विणकराच्या मजुरीवर घर भागत नसे. ती उणीव विडीने भरून काढली, आणि पूर्व भागाचा इतिहास लिहिताना चादरीमागे ही गोष्ट नेहमी झाकली जाते. बाई ब्रँचमधून, म्हणजे विडी कारखान्याच्या वाटप केंद्रातून, तेंदूचे पान आणि तंबाखू घेऊन येते. पान भिजवायचे, पत्र्याच्या मापाने कात्रीने कापायचे, तंबाखू भरून वळायचे, दोरा गुंडाळून तोंड मुडपायचे. मजुरीचा हिशेब हजार विड्यांवर. तपासणीत खराब ठरलेल्या विड्यांची मजुरी बुडते, पान मात्र तिच्याच वाट्याचे गेलेले असते.

घरात तेलुगू, शाळेत आणि कचेरीत मराठी, अशी भाषांची वाटणी आजही दिसते. नवरात्राच्या सुमारास बतुकम्मा, म्हणजे देवी मानून पुजली जाणारी फुलांची रास, रचली जाते. नारळी पौर्णिमेला पुरुष जानवे बदलतात आणि कुलदैवत मार्कंडेयाचा रथ निघतो. पद्मशाली शिक्षण संस्थेच्या शाळांतून शिकलेल्या पिढीने वकिली, वैद्यकी आणि राजकारण गाठले. गंगाधर कुचन, धर्मण्णा सादूल आणि लिंगराज वल्याळ हे लोकसभेवर निवडून गेले.

1992 च्या हद्दवाढीत भोवतालची गावे महापालिकेत आली आणि शहराचे क्षेत्र सुमारे 33 वरून 178 चौरस किलोमीटरवर गेले. पण भाड्याच्या एका खोलीत माग, विडीचे सूप आणि संसार मांडणाऱ्यांना शहरातली जागा परवडणारी नव्हती. कम्युनिस्ट नेते आणि माजी आमदार नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने विडी कामगार महिलांनी सहकारी संस्था काढली आणि दक्षिण सोलापूर तालुक्यातील कुंभारी येथे 10,000 घरे उभी केली. वारली चळवळीच्या नेत्या गोदूताई परुळेकर यांचे नाव या वसाहतीला दिले. केंद्र, राज्य आणि कामगार यांनी मिळून खर्च उचलला आणि घर बाईच्या नावावर झाले. ही बाब छपराहून मोठी होती. याच परिसरात रे नगर हा 30,000 घरांचा प्रकल्प आला. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी त्याची पायाभरणी जानेवारी 2019 मध्ये केली आणि 19 जानेवारी 2024 रोजी पहिली 15,000 घरे सुपूर्द केली. त्यात विडीबरोबर यंत्रमाग, कचरावेचक आणि इतर असंघटित कामगारही आहेत.

कुंभारी शहराच्या हद्दीबाहेर आहे. तिथे राहणाऱ्या अनेकांचा माग, बाजार आणि मार्कंडेयाचा रथ मात्र अजून पेठांतच आहे, म्हणून रोजची ये-जा चालूच असते.