लकवा, सुया आणि राजम्याचे दाणे

आमच्या घरच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात तो संदेश पुन्हा फिरून आला: लकव्याचा झटका आलेल्या माणसाला जागचं हलवू नका, सुईनं दहाही बोटांची टोकं टोचून थेंब थेंब रक्त काढा, मगच दवाखान्यात न्या. (पुण्याचे लोक पक्षाघात म्हणतात, आम्हा इंदूरकरांना लकवाच कळतो.) हा सल्ला जिवावर बेतू शकतो. मेंदूतली मोठी रक्तवाहिनी गुठळीनं तुंबली की मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात, असा हिशेब २००६ साली मांडला गेला. बोटं टोचण्यात पाच मिनिटं घालवली तर जवळजवळ कोटभर पेशी गेल्या. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सहसा साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन करून डोक्यात रक्तस्राव नाही ना, हे पाहावं लागतं. तेव्हा सुई शोधू नका, गाडी काढा.

या निमित्तानं सुयांचा दुसरा, जास्त अवघड प्रश्न निघाला. झटका येऊन गेल्यावर औषधांच्या जोडीला अ‍ॅक्युपंक्चर केलं तर हात लवकर चालू लागतो का? लोकमान्यनगरात राहणाऱ्या माझ्या मामाचा उजवा हात गेल्या वर्षी लकव्यानं गेला. तिसऱ्या आठवड्यापासून त्यानं सुया घेतल्या, तिसऱ्या महिन्यात शर्टाची बटणं स्वतः लावली. मामीच्या लेखी प्रश्न तिथेच मिटला.

माझ्या लेखी मिटला नाही, कारण मधल्या काळात मेंदू काही स्वस्थ बसलेला नव्हता. झटक्यात मेंदूचा एक तुकडा मरतो, पण भोवतालचा काही भाग नुसता गप्प झालेला असतो. रक्तपुरवठा सुधारतो, सूज उतरते आणि तो जागा होतो. दूरचे भागही मुके होतात, कारण त्यांना निरोप धाडणारा गेलेला असतो; मेंदूतज्ज्ञ फॉन मोनाकोव्ह यांनी १९१४ साली याला ‘डायास्कायसिस’ असं नाव दिलं. खरी गंमत पुढे आहे. मेंदूच्या पृष्ठभागावर शरीराचा नकाशा असतो आणि त्यात हाताचा वाटा भलामोठा. रँडॉल्फ नूडो या संशोधकानं स्क्विरल माकडांच्या मेंदूत हाताच्या भागाचा छोटा तुकडा निकामी केला आणि त्यांना बारीक खळग्यांतून खाऊच्या गोळ्या वेचायला लावलं. १९९६ साली नूडो यांनी निष्कर्ष मांडला: या माकडांत हाताची उरलेली जागा टिकली, काहींत तर हातानं शेजारच्या कोपर-खांद्याच्या जमिनीवर अतिक्रमण केलं. सराव न मिळालेल्या माकडांत मात्र धडधाकट उरलेली जागाही आक्रसली होती. पेशींमधल्या कितीतरी जुन्या जोडण्यांवर गाबा या रसायनाचा ब्रेक असतो. तो सैल झाला की त्या बोलू लागतात. एकाच वेळी पेटणाऱ्या पेशींत एनएमडीए ग्राही, म्हणजे निरोप टिपणारी दारं, उघडतात, कॅल्शियम आत शिरतं, एएमपीए ग्राहींची गर्दी वाढते आणि जोडणी पक्की होते. (बायको म्हणते, या वाक्यापर्यंत कुणी टिकत नाही.)

ही बहुतेक सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत होते. म्हणून तिसऱ्या आठवड्यात जे काही सुरू कराल, त्याला श्रेय मिळतं. राजस्थानात बुटाटीच्या देवळाला, जिथे लकव्याचे रुग्ण जातात, सात दिवस परिक्रमा करून आलेला माणूसही याच दिवसांत सुधारतो, आणि कबुतराचं रक्त चोळून घेतलेलाही.

मग शास्त्रीय चाचण्या काय सांगतात? त्यांतल्या बऱ्याच चाचण्यांत एका गटाला औषधं आणि व्यायाम, दुसऱ्याला तेच, अधिक सुया. अर्न्स्ट आणि ली यांनी २००८ साली मुंबईहून निघणाऱ्या एका वैद्यकीय नियतकालिकात दाखवून दिलं की ही रचना जवळजवळ कधी हरतच नाही. साध्या पोह्यांची तुलना जीरावन हा आमचा इंदुरी मसाला भुरभुरलेल्या पोह्यांशी करा. इंदुरात तरी दुसरी प्लेट हरायची नाही. सुयांसोबत अर्धा तास कुणीतरी आपुलकीनं बोलतं, हात हातात घेतं, आशा लावतं. त्यात सुईचा वाटा किती, हे कळायला खोटी सुई हवी. तीही आहे: १९९८ साली श्ट्राइटबर्गर यांनी नाटकातल्या खंजिरासारखी, टेकली की मुठीत सरकणारी बोथट सुई वर्णिली. अशा चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१६ च्या आढाव्यात ३१ चाचण्या आणि २२५७ रुग्ण होते. फायदा असू शकेल असं दिसलं, पण बहुतेक चाचण्या लहान आणि कच्च्या. सरसकट शिफारस करण्याइतका पुरावा निघाला नाही.

गोळ्यांनाही मी हाच न्याय लावतो. फ्लुओक्सेटिन या नैराश्यावरच्या गोळीनं हात सुधारतो असं २०११ साली ११८ रुग्णांत दिसलं. पुढे ब्रिटनमध्ये ३१२७ रुग्णांवर तपासलं तेव्हा परावलंबन काही कमी झालं नाही, उलट हाडं मोडण्याचं प्रमाण वाढलं.

सुई अगदीच निर्जीव आहे असंही नाही. २०१० साली उंदरांत दिसलं की टोचलेल्या जागी शरीरातलंच रसायन अ‍ॅडेनोसिन वाढतं आणि दुखणं कमी होतं. पण आखडलेला खांदा कमी दुखणं वेगळं आणि मेंदूत नवी वाट पडणं वेगळं.

मामाच्या क्लिनिकचं पत्रक मी जपून ठेवलंय: ‘औषध अधिक अ‍ॅक्युपंक्चर, दुप्पट फायदा’. ते वाचून मामीनं काय करावं? सुया चालू आहेतच, म्हणून बीपीची गोळी एका दिवसाआड केली. मी डबी मोजली तेव्हा कळलं. बीपीची गोळी, अ‍ॅस्पिरिन, कोलेस्टेरॉलची स्टॅटिन यांचं काम हात हलवणं नव्हेच, दुसरा झटका टाळणं आहे. सुया घ्यायच्याच असतील तर रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्याचं टोचणाऱ्याला आधी सांगा.

फिजिओवालीनं मामाला दोन वाट्या आणि राजमा दिला होता. सकाळी शंभर दाणे, संध्याकाळी शंभर, एकेक दाणा अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून या वाटीतून त्या वाटीत. पहिल्या दिवशी तो अकराव्या दाण्याला घामाघूम झाला. परवा गेलो तर वाट्या टेबलावरच होत्या, दाणे हाताळून हाताळून गुळगुळीत झालेले. मामी म्हणाली, ‘‘आता भिजत घालू का रे?’’ मामानं वाटी आपल्याकडे ओढली. उजव्या हातानं.