गतिअनुमान, प्रत्यक्षकालीन

गतिअनुमान, प्रत्यक्षकालीन (पुनर्रचनाक्षम हार्डवेअरवरील, म्हणजे आतील जोडणी पुन्हा बदलता येणाऱ्या चिपवरील) : चलच्चित्राच्या लागोपाठच्या दोन चौकटींत कोणता भाग किती व कोणत्या दिशेला सरकला, हे पुढची चौकट येण्याआत ठरवणे. हे सरकणे गतिसदिशाने, म्हणजे अंतर व दिशा दोन्ही सांगणाऱ्या बाणाने, दाखवतात. व्हिडिओ-संक्षेपण, वाहतूक-निरीक्षण व ड्रोन यांतील त्याचा उपयोग परिचित आहे.

उगम साधारणपणे १९८१ मध्ये धरतात. जैन व जैन यांची खंडजुळणी (चौकटीचे तुकडे जुळवून पाहणे), कोगा व सहकाऱ्यांचा त्रिपायरी शोध (जुळणारी जागा तीन टप्प्यांत शोधणे), तसेच हॉर्न–शुंक आणि लुकास–कानाडे यांच्या प्रकाशीय प्रवाहाच्या (तेजातील बदलावरून गती काढण्याच्या) पद्धती, हे सर्व त्याच वर्षीचे. परंतु अरुण नेत्रवली (आयआयटी मुंबईचे माजी विद्यार्थी) व रॉबिन्स यांची बिंदुगणिक पद्धत १९७९ ची आहे. लिंब व मर्फी यांचे दूरचित्रवाणी-चित्रांतील वेगमापन त्याही आधीचे, १९७५ च्या सुमाराचे. त्यामुळे आरंभ सत्तरच्या दशकात मानणे अधिक सयुक्तिक. पुनर्रचनाक्षमतेचे श्रेय काही जण संगणकशास्त्रज्ञ जेराल्ड एस्ट्रिन यांच्या १९६० च्या मांडणीला, तर काही झायलिंक्स कंपनीच्या १९८५ मधील एक्ससी२०६४ या एफपीजीए (वापरणाऱ्याला आतील मंडल हवे तसे जोडता येणाऱ्या) चिपला देतात. कल्पना एस्ट्रिन यांची, हाती धरण्याजोगी वस्तू १९८५ ची, असे म्हणणे बरे.

खंडजुळणीत १६×१६ बिंदूंचा (पिक्सेलांचा) खंड मागील चौकटीत ±७ बिंदूंच्या टापूत २२५ जागी ठेवून पाहतात. समोरासमोरच्या बिंदूंच्या तेजातील निरपेक्ष (चिन्ह सोडून) फरकांची बेरीज जिथे सर्वांत कमी, ती जागा खरी. १२८०×७२० च्या चौकटीत असे ३,६०० खंड. सेकंदाला ३० चौकटी धरल्या तर सुमारे ६२२ कोटी वजाबाक्या होतात. आकडा छाती दडपवणारा. पण २५६ वजाबाक्या एकाच ठोक्यात करणारे मंडल एफपीजीएवर बांधले, तर २४.३ मेगाहर्ट्‌झ, म्हणजे सेकंदाला २.४३ कोटी ठोके, पुरतात. खरी अडचण स्मृतीची. प्रत्येक खंडाला ३०×३० म्हणजे ९०० बिंदूंची खिडकी लागते. शेजारच्या खंडाकडे जाताना त्यांतले ४२० बिंदू आधीच हाताशी असतात. ते चिपवरच्याच स्मृतीत राखून फक्त नवे ४८० आणणे, यातच रचनाकाराचे कसब.

मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगरचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय (१९६०) आणि नांदेडची श्री गुरु गोबिंदसिंगजी संस्था (१९८१) ही अभियांत्रिकी शिक्षणाची जुनी केंद्रे.

पद्धतीची मर्यादा पैठणच्याच कापडावर नीट उमगते. पैठणी कॅमेऱ्याखालून सरकते आहे आणि बुट्टी दर १२ बिंदूंनी पुन्हा येते, असे धरू. कापड ६ बिंदू उजवीकडे गेले तरी ६ बिंदू डावीकडची जागाही तितकीच जुळते, आणि यंत्र दोन्हींपैकी आधी तपासलेली निवडते. काठाच्या सरळ रेषांवर तर लांबीच्या दिशेची गती दिसतच नाही. तिथे जरीतली एखादी गाठ किंवा सुटलेला धागा सापडला तरच माप लागते.