परवचा

परवचा : पाढे, वार, तिथी, महिने, नक्षत्रे, श्लोक असे पाठ केलेले सर्व रोज ठरलेल्या वेळी मोठ्याने म्हणण्याची महाराष्ट्रातील प्रथा. शाळेत परवचा शाळा सुटण्यापूर्वी, तर घरी दिवेलागणीला शुभंकरोतीच्या जोडीने म्हणत.

प्रथेचा काळ निश्चित करणे कठीण आहे. उत्तर पेशवाईतील पंतोजींच्या शाळांत ती रूढ असावी. त्यामागची घोकण्याची पद्धत मात्र बरीच जुनी. इटालियन प्रवासी पिएत्रो देल्ला व्हाल्ले याने १६२३ मध्ये इक्केरीच्या वाटेवर, आजच्या कर्नाटकात, देवळाच्या ओवरीत चार मुले अंकगणित घोकताना पाहिली. एक मुलगा सुरात धड्याचा तुकडा म्हणत जमिनीवर पसरलेल्या बारीक वाळूत बोटाने आकडा काढी. बाकीचे तेच म्हणत व लिहीत. गुरुजी जवळ नव्हते. चुकल्यास सुधारतो कोण, असे विचारता मुलांनी सांगितले, की चौघेही एकाच जागी चुकणे शक्य नाही. मराठी मुलखातील परवच्याशी याचा थेट संबंध दाखवता येत नसला, तरी साम्य ठळक आहे. अँड्र्यू बेल या स्कॉटिश धर्मोपदेशकाने मद्रासमध्ये १७८९ नंतर चालवलेली व १७९७ मध्ये लंडनला प्रसिद्ध केलेली, मोठ्या मुलांनी लहानांना शिकवण्याची पद्धत त्याची स्वतःची की इथल्या शाळांतून उचललेली, हा वाद जुना आहे. वाळूवर लिहिण्याची कल्पना मलबारी मुलांना पाहून सुचल्याचे बेलनेच नमूद केले असल्याने दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

परवच्याचा अवघड भाग अपूर्णांकांचा : पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी व साडेतीनची औटकी. रुपयाचे १६ आणे, मणाचे ४० शेर, शेराचे चार पावशेर अशा व्यवहारात हे पाढे रोज लागत. सव्वा रुपया शेराने १३ शेरांचे किती, तर तेराची सवायकी सव्वासोळा. दुकानदाराला कागद लागत नसे. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, १९६२ पर्यंत मेट्रिक वजनमापे सक्तीची झाली आणि या पाढ्यांची गरज सरली. पूर्णांकांचे पाढे टिकले.

घोकंपट्टी म्हणून परवच्यावर टीका होते. ती सरसकट मान्य करता येत नाही. रोडिगर व कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांच्या २००६ मधील प्रयोगात उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना आठवड्यानंतर सुमारे ४२ टक्के आठवला; न पाहता आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ५६ टक्के. परवचाही पुस्तक मिटूनच म्हणायचा असतो. मात्र सर्वांनी एका सुरात म्हटल्यास कच्चे मूल शेजाऱ्याच्या आवाजामागे ओठ हलवत राहते व त्याला काहीच आठवावे लागत नाही. म्हणून जाणते शिक्षक पाढा झाल्यावर ‘सात नव्वे?’, ‘तेरा सक?’ असे मधलेच विचारतात आणि प्रत्येकाला उत्तर पाटीवर लिहायला लावतात. पाच मिनिटांत वर्ग तपासून होतो.