वाक्‌संस्करण

माणसाच्या बोलण्याचे आकड्यांत रूपांतर करणे, ते आकडे थोड्या जागेत बसवणे, त्यांतून शब्द ओळखणे आणि उलट लिहिलेल्या मजकुरातून आवाज काढणे, या संगणकीय कामांना मिळून वाक्‌संस्करण म्हणतात. व्यवहारात ‘स्पीच प्रोसेसिंग’ हाच शब्द चालतो. या नोंदीतली उदाहरणे सातारा-सांगलीकडची आहेत, कारण यंत्राचा मराठी कान किती तयार आहे ते तिथल्या बोलण्यात लवकर कळते.

आवाज घडतो कसा, हे मिरजेच्या तंबोऱ्यावरून चांगले उमगते. कंप तारेचा, पण घुमारा भोपळ्याचा. घोडीवर, म्हणजे तार जिच्यावर टेकते त्या पट्टीवर, तारेखाली सुताचा धागा सरकवून कारागीर जवारी (तारेचा गुंजारव) उघडतो, तेव्हा त्याच तारेतून मूळ स्वरासोबत उमटणाऱ्या उपस्वरांची दाटी ऐकू येते. (तंबोऱ्याच्या या उपस्वरांवर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये शोधनिबंध लिहिला होता.) बोलताना तारेचे काम गळ्यातले स्वरतंतू करतात. पुरुषांत ते सेकंदाला साधारण १०० ते १२० वेळा कंप पावतात, स्त्रियांत २०० च्या आसपास. घसा, तोंड आणि नाक यांची पोकळी हा भोपळा. ती काही कंप्रता (कंपांचे सेकंदाला प्रमाण) उचलून धरते, काही दाबते. एकाच सुरात ‘आ’ आणि ‘ई’ म्हटले तरी दोन्ही वेगळे कळतात ते यामुळेच. उचलल्या गेलेल्या या पट्ट्यांना ‘फॉर्मंट’ म्हणतात.

तार वेगळी आणि भोपळा वेगळा काढण्याची गणिती रीत १९६० च्या दशकाच्या अखेरीस सापडली. जपानमध्ये फुमितादा इताकुरा आणि अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत बिष्णू अटल यांनी ती मांडली. आवाजाचा पुढचा आकडा मागच्या काही आकड्यांवरून वर्तवायचा. जेवढे वर्तवता येते ते पोकळीचे, चुकून उरते ते स्वरतंतूंचे. भोपळा मात्र एकदा कोरला की बदलत नाही, जीभ क्षणभर स्वस्थ नसते. म्हणून बोलण्याचे सुमारे २० मिलिसेकंदांचे तुकडे करतात आणि तेवढ्या वेळापुरती पोकळी स्थिर धरतात.

साध्या डिजिटल टेलिफोनीत आवाज सेकंदाला ८,००० वेळा मोजतात आणि प्रत्येक मोजणी ८ बिटांत लिहितात, म्हणजे सेकंदाला ६४,००० बिट (बिट म्हणजे ० किंवा १ असा एक अंक). वरील रीत वापरून जीएसएम या डिजिटल मोबाइल पद्धतीच्या पहिल्या संकेतनाने (आवाज थोड्या आकड्यांत बसवण्याच्या रीतीने) हाच भार १३,००० वर आणला. टेलिफोनच्या पट्ट्यात ३,४०० हर्ट्‌झच्या वरचा आवाज फारसा येत नाही. मराठीला हे विशेष नडते. ‘गुरं चार’ हे दोन शब्द घ्या. गुरांची संख्या सांगायची असेल तर च तालव्य (जीभ टाळूला लागून होणारा), गुरे चारायला सांगायचे असेल तर दंतमूलीय (जीभ दातांच्या मुळाशी लागून होणारा). दुसऱ्या च ची सळसळ बरीचशी त्या मर्यादेच्या वर असते, म्हणजे फोनवर नेमकी खूणच पुसट होते.

बोलणे ओळखणारे पहिले गाजलेले यंत्र म्हणजे बेल प्रयोगशाळेतले १९५२ चे ‘ऑड्री’. परिचित आवाजात, सुटे सुटे उच्चारलेले अंक ते ओळखत असे. १९७० च्या दशकापासून संभाव्यतेवर चालणारी प्रारूपे आली, २०१० नंतर खोल न्यूरल जाळ्यांनी, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या अनेक थरांच्या संगणकीय रचनांनी, त्यांची जागा घेतली. ही जाळी हजारो तासांच्या ध्वनिमुद्रणांवर शिकतात. त्यामुळे मुद्रणात कोण बोलले आहे, यावर सारे ठरते. ‘तो जेवाय लागलाय’ याचा अर्थ माण-खटावकडे किंवा सांगलीकडे ‘तो जेवतोय’ असा होतो, प्रमाण मराठीवर शिकलेले यंत्र ‘जेवायला सुरुवात केली’ असा लावते. जत तालुक्याच्या पूर्व भागात तर एकाच संभाषणात मराठी आणि कन्नड येऊन जातात.

अचूकता मोजण्याच्या पद्धतीतही एक अन्याय दडलेला आहे. चुकलेले, गळलेले आणि जादा घुसलेले शब्द मोजून त्यांना मूळ शब्दसंख्येने भागले की चुकीचे प्रमाण मिळते. पण तपासणीच्या प्रतीत ‘नाही’ लिहिलेले असेल आणि यंत्राने ऐकला तसा ‘न्हाय’ लिहिला, तर बरोबर ऐकूनही ती चूक धरली जाते. बोलीतले शब्द बोलीतच लिहून घेणे, हा यावरचा उपाय. त्यासाठी म्हसवडच्या ‘माणदेशी तरंग वाहिनी’सारख्या सामुदायिक रेडिओवरचे बोलणे, बोलणाऱ्यांची संमती घेऊन वापरता आले, तर ते फार मोलाचे ठरेल.

मजकुरातून आवाज काढताना अडचण लिपीची. अनुस्वाराचे टिंब एकच, पण ‘सांगली’त त्याचा ङ् होतो, ‘खंडाळ्या’त ण्, ‘खंबाटकी’त म्. पुढचे अक्षर पाहून हे नियमाने ठरवता येते. ‘चार’मधला च मात्र नियमाला बधत नाही. तिथे यंत्राला पूर्ण वाक्य वाचून, गुरे मोजायची आहेत की चारायची, हे आधी समजून घ्यावे लागते.